बहिणाबाईंचे रान

१९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तकरूपाने आली. बहिणाबाईंना निसर्गकवयित्री म्हणण्याचा प्रघात मला अपुरा वाटतो. असोद्याच्या या माउलीने रान काठावरून पाहिले नाही. ती त्यात राबली. म्हणून पेरणी, मोट, घरोट यांवरच्या तिच्या गाण्यांत दाण्याचे नि थेंबाचे मोल आहे. कोळशा-तेलाच्या धुराने पृथ्वी तापत असताना हीच दृष्टी हवी. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या पुढाकाराने झाडतोडीला दंड लावून उजाड डोंगरावर जंगल उभे केले. ते मला या गाण्यांचे खरे रसग्रहण वाटते. वाचकहो, फराळानंतर ही गाणी अवश्य म्हणा; पण तांब्यात उरलेले पाणी मोरीत न ओतता झाडाला घाला. एरवी आपली रसिकता कोरडीच!