ईजबेल आणि नाबोथाचा मळा

दुष्ट स्त्रीच्या चरित्रापासून बोध काढण्याची हौस सर्वच धर्मांच्या उपदेशकांस आहे, आणि तो बोध बहुधा तिच्या डोळ्यांतील काजळाशी येऊन थांबतो. बायबलातील ईजबेल राणीची हीच गत झाली आहे. इंग्रजीत तर तिचे नाव म्हणजे नटव्या व निर्लज्ज स्त्रीस देण्याची शिवीच होऊन बसले. या शिवीस आधार काय म्हणून मूळ ग्रंथ उघडावा, तो हाती एवढेच लागते की, मरणाच्या दिवशी तिने डोळ्यांत सुरमा घातला, केस सावरले आणि ती खिडकीत येऊन उभी राहिली. येहू सेनापती तिच्या जारकर्मांचा उल्लेख करतो खरा. परंतु परक्या दैवतांच्या उपासनेस जारकर्म म्हणण्याची त्या ग्रंथाची रीतच आहे. सबंध कथेत तिचा एकही जार नाही. शिवाय जी स्त्री दारी आलेल्या मारेकऱ्यास धनीघातकी जिम्रीच्या नावाने हिणवते, ती त्यास भुलविण्याकरिता नटली होती, हे आम्हांस तरी पटत नाही. राजकन्या म्हणून जन्मली, राणी म्हणून मरावयास निघाली, इतकाच त्या शृंगाराचा अर्थ.

तिचा खरा अपराध पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात आहे, आणि तो समजण्यास मालवण-वेंगुर्ल्याच्या वाचकास भाष्यकाराची गरज नाही. इज्रेल गावी राजवाड्याला लागून नाबोथ नावाच्या गृहस्थाचा द्राक्षमळा होता. अहाब राजास तेथे भाजीपाला लावावयाचा होता. त्याने बदली याहून चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली. सौदा वाईट नव्हता. नाबोथाने मात्र वाडवडिलांचे वतन देणार नाही, असे साफ सांगितले. आमच्या किनाऱ्यावर चार माडांच्या तुकड्याच्या सात-बारावर भावकीतील वीस-वीस नावे असतात. त्यांतील निम्मे लोक मुंबईस. तरी कोणी गडगा हातभर सरकवला की सगळे धावून येतात. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि समुद्रकाठच्या जमिनीस गिऱ्हाईक वाढले. चांगली किंमत येत असताना नकार देणाऱ्या म्हाताऱ्यास लोक हेकट म्हणतात. नाबोथ त्याच जातीचा हेकट. शिवाय त्याच्या बाजूस धर्मशास्त्रही होते. जमीन कायमची विकू नये, असा मोशेचा दंडक होता.

नकार ऐकून राजा घरी आला, भिंतीकडे तोंड करून निजला आणि जेवेना. कथाकाराने हे चित्र मोठ्या कौशल्याने रेखाटले आहे. राणीने विचारपूस केली, उठून जेवावयास सांगितले आणि मळा मी देते म्हणाली. कसा देणार, हे राजाने विचारले नाही. तिने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाचा शिक्का केला आणि ती नाबोथाच्याच गावच्या वडीलधाऱ्यांस धाडली. उपवास पुकारावा, नाबोथास मानाच्या जागी बसवावे, दोन अधम माणसांनी समोर बसून याने देवाची व राजाची निंदा केली असे सांगावे, आणि मग त्यास दगडमार करावा. साक्षीदार दोनच का? कारण देहान्त शिक्षेस शास्त्राने निदान दोन साक्षीदार सांगितले होते. परधर्मातून आलेली ही सीदोनची कन्या इस्राएलाचे शास्त्र इस्राएलाहून बारकाईने पाळते! परमेश्वराच्या संदेष्ट्यांचा तिने संहार केला होता, हे आम्ही विसरत नाही. पण ते उघड वैर होते. येथे तिने धर्माचाच सुरा केला.

आमचे लक्ष मात्र त्या पत्राच्या मालकिणीहून ते पत्र घेणाऱ्यांकडे अधिक जाते. गावरहाटीतील मानकऱ्यांसारखी ही शेलकी माणसे. नाबोथ त्यांच्या रोजच्या बैठकीतला. एकानेही प्रश्न केला नाही, एकही आजारी पडला नाही. मजा अशी की, पत्र राजाच्या नावाचे असूनही काम झाल्याचा निरोप त्यांनी राणीस पाठविला. म्हणजे अक्षर कोणाचे, हे सर्वांस ठाऊक होते. नाबोथाच्या मुलांचेही रक्त सांडले, असे दुसऱ्या पुस्तकावरून कळते. वारस उरला नाही. मग राजा उठला आणि मळा ताब्यात घ्यावयास गेला. एलीया संदेष्ट्याने त्यास तेथेच गाठले, आणि खून करून वर वतनही घेतलेस काय, असा जाब विचारला तो राजास. राणीची पाळी त्यानंतर. उपदेशकांनी हा क्रम उलटा केला आहे.

मराठी वाचकास येथे आनंदीबाई आठवल्यावाचून राहणार नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी दोषी ठरविले राघोबादादांस. लोकांच्या तोंडी राहिला तो बाईने केलेला 'ध'चा 'मा'. त्या कागदाची कथा कितपत खरी, याविषयी इतिहासकार साशंक आहेत. ईजबेलची पत्रे निदान तिच्या कथेत तरी निःसंशय आहेत. परंतु दोन्हीकडे नवरा तेवढा भिंतीकडे तोंड करून सुटला.

ईजबेलचा शेवट सर्वांस माहीत आहे: खिडकीतून लोटली गेली, कुत्र्यांनी खाल्ली, पुरावयास कवटी, पावले व तळहात तेवढे उरले. बहुतेक प्रवचने येथे संपतात. त्यांनी एक पान उलटावे. लगेच पुढच्या अध्यायात येहू, दुष्ट राणीस शासन करणारा तोच येहू, पत्रे लिहावयास बसतो. अहाबाचे सत्तर पुत्र शोमरोनात वडीलधाऱ्यांच्या पदरी वाढत होते. त्यांची शिरे उद्या या वेळेपर्यंत मजकडे आणा, असे तो त्या वडीलधाऱ्यांसच लिहितो. शिरे टोपल्यांत भरून इज्रेलास वेळेवर पोहोचली, आणि येहूने रात्रभर वेशीपाशी त्यांचे दोन ढीग घालून ठेवविले.