मांत्रिकाचे रूपांतर : अघोरघंटापासून नलिन ओबेरॉयपर्यंत

चित्रकथा हा प्रकार मराठी समीक्षेने फारसा विचारात घेतलेला नाही. बालवाङ्मयाच्या आढाव्यात तिचा एखाद्या ओळीत उल्लेख होतो आणि विषय संपतो. वस्तुतः वाचकाच्या मनात ज्या प्रतिमा वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापूर्वीच ठसतात, त्यांतील पुष्कळशा चित्रकथेने दिलेल्या असतात. खलमांत्रिक ही अशीच एक प्रतिमा होय. स्मशान, कवटी, पेटलेले कुंड आणि बळीसाठी बांधून ठेवलेली एखादी व्यक्ती, एवढी सामग्री दिसताच वाचक पुढचे कथानक ओळखतो. या ओळखीमुळेच ही व्यक्तिरेखा तपासण्याचे राहून जाते. प्रस्तुत लेखात तिच्याकडे दोन प्रश्न घेऊन पाहावयाचे आहे : मांत्रिकाचे सामर्थ्य कोठून येते आणि त्याचा पराभव कशामुळे होतो? या दोन प्रश्नांच्या उत्तरांत त्या त्या काळाची नीतिकल्पना दडलेली असते.

आपल्या परंपरेत या व्यक्तिरेखेचे एक ठळक रूप विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने आठव्या शतकात उभे केले. ‘मालतीमाधव’ या प्रकरणाच्या पाचव्या अंकातील कापालिक अघोरघंट चामुंडेपुढे मालतीचा बळी देऊ पाहतो, आणि माधव तेथे पोचून त्याचा वध करतो. एवढ्यावरून हा खल आणि नायक यांचा सरळ संघर्ष वाटेल. परंतु माधव त्या स्मशानात कशासाठी आला आहे, हे विसरून चालत नाही. मालती मिळावी म्हणून पिशाचांना नरमांस विकण्यासाठी तो आलेला आहे. म्हणजे नायक आणि खलपुरुष एकाच रात्री, एकाच स्मशानात, जवळजवळ एकाच मार्गाने आपापले इष्ट साधू पाहत आहेत. पुढे अघोरघंटाची शिष्या कपालकुंडला मालतीला पळवून सूड घेऊ पाहते, तेव्हा मालतीला वाचविणारी सौदामिनी हीदेखील श्रीपर्वतावर कापालिकव्रत आचरून सिद्धी मिळविलेली साधिका आहे. विद्या तीच आहे. तिचा विनियोग वेगळा आहे. अघोरघंट मरतो तो त्याने दुसऱ्याच्या देहावर हक्क सांगितला म्हणून. भवभूतीने साधनमार्गाला सरसकट दोषी ठरविलेले नाही, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

दुसरे रूप वेताळकथांतील क्षांतिशील भिक्षूचे. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त ही कथा गोदातीरावरील प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, त्रिविक्रमसेन राजाची आहे. मराठी गद्याच्या उषःकालीच, १८३० मध्ये, सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली. भिक्षू राजाला रोज एक फळ भेट देतो आणि त्या फळांत रत्ने असल्याचे राजाला फार उशिरा कळते. उपकाराचे ओझे वाढवीत नेऊन मग मागणी करावयाची, ही या खलपुरुषाची रीत आहे. भय दाखविण्यापेक्षा ती अधिक खोल आणि अधिक खरी आहे, कारण शब्दाला जागणारा माणूसच तिला बळी पडतो. भिक्षूला विद्याधरांचे आधिपत्य हवे आहे आणि त्यासाठी राजाचे शिर हवे आहे. वेताळ राजाला सावध करतो : साष्टांग नमस्कार घालण्यास सांगितल्यावर, तो कसा घालावा हे आधी करून दाखवा, अशी विनंती करावी. भिक्षू वाकतो आणि त्याचेच शिर जाते. इतरांना नमविणाऱ्याला एकदा स्वतः नमावे लागते, असा हा न्याय आहे. येथे राजाला तारणारे शस्त्र शेवटी येते. त्याआधी रात्रभर त्याच्या विवेकाची परीक्षा झालेली असते, आणि अखेरच्या कोड्यापुढे मौन पाळण्याइतकी प्रामाणिकता त्याने दाखविलेली असते.

मराठी लोकमानसात या परंपरेला आणखी एक पदर आहे. १८१९ मध्ये सिद्ध झालेल्या ‘नवनाथ भक्तिसारा’तील मच्छिंद्रनाथ शाबरी विद्येचा धनी आहे, तो वेताळालाही वश करतो आणि तरीही पूज्य ठरतो. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार मानला जातो. सिंधुदुर्गातील आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठमोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फिरतो अशी श्रद्धा आहे. अशा समाजात मंत्र, वेताळ आणि स्मशान यांचा अर्थ केवळ ‘दुष्ट’ एवढाच होत नाही. त्यात भय असते, तसा जिव्हाळाही असतो.

मासिकांच्या युगात हे संचित चित्रांकित झाले. १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या ‘चांदोबा’तील विक्रम-वेताळाच्या कथा कित्येक पिढ्यांनी वाचल्या. शंकर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि २०२० मध्ये निधन पावलेल्या चित्रकाराने काढलेला, खांद्यावर प्रेत आणि हाती तलवार घेतलेला विक्रम अनेकांच्या नजरेसमोर अजूनही आहे. पण या मालिकेने नकळत एक मोठा बदल घडविला. कथा दरमहा नवी हवी असल्यामुळे विक्रम भिक्षूपर्यंत कधी पोचतच नाही; दर खेपेस वेताळ निसटून झाडावर परत जातो. परिणामी खलमांत्रिक कथेच्या चौकटीबाहेर अनंतकाळ वाट पाहत बसलेला राहिला आणि वाचकाच्या वाट्याला केवळ कोडी आली. भिक्षूचे कपट आणि त्याचा न्याय हा मूळ कथेचा कणाच अशा रीतीने दृष्टीआड झाला.

१९६४ ते १९९० या काळात टाइम्स समूहाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने ली फॉकचा मँड्रेक भारतीय वाचकांच्या घरी आणला. मँड्रेक १९३४ मधला, आणि त्याचा हाडवैरी कोब्रा हाही त्याच वर्षीच्या पहिल्या कथेतला. मँड्रेकची जादू बहुतांशी संमोहनाची आहे. तो समोरच्याला भास घडवितो. हिमालयातील विद्यापीठात तो जादू शिकला, हा तपशील पाश्चात्त्यांच्या पौर्वात्य कल्पनारंजनातून आला आहे. तथापि जादू हे शिकण्याचे शास्त्र आहे, ही कल्पना तेथे शाबूत होती. कोब्राही तीच विद्या जाणतो, म्हणूनच तो तुल्यबळ वाटतो.

या पार्श्वभूमीवर २००४ मध्ये आलेल्या ‘स्पायडर-मॅन : इंडिया’ या चार अंकी चित्रकथामालिकेकडे पाहिले पाहिजे. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी ती रचली. खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईस आलेला पवित्र प्रभाकर, त्याची मायाकाकू, भीमकाका, मीरा जैन ही सारी मूळ अमेरिकी पात्रांची भारतीय रूपांतरे आहेत. मूळ कथेत किरणोत्सारी कोळी चावतो; येथे एक योगी नायकाला शक्ती देतो. आणि खलपुरुष नलिन ओबेरॉय हा मुंबईतील धनाढ्य गुन्हेगार एका प्राचीन ताइताच्या आधारे राक्षसरूप धारण करतो. विज्ञानाच्या जागी तंत्र आले, एवढ्यावर रूपांतरकारांनी भारतीयत्व सिद्ध झाले असे मानलेले दिसते.

या व्यक्तिरेखेचे श्रेय प्रथम मान्य केले पाहिजे. कापालिक, भिक्षू, जटाधारी अशा समाजाच्या कडेवरच्या माणसाला खल ठरविण्याची जुनी सवय येथे मोडली आहे. ओबेरॉय प्रतिष्ठित आहे, सुस्थित आहे, शहराच्या मध्यभागी आहे. आपल्याकडे अघोरी विधींचे जे खरे गुन्हे उघडकीस येतात त्यांच्यामागे पुष्कळदा धनलोभ असतो. त्या अर्थाने ही निवड वास्तवाच्या जवळची आहे.

मात्र आरंभीचे दोन प्रश्न विचारताच तिचे दुबळेपण उघड होते. ओबेरॉयचे सामर्थ्य ताइतात आहे. त्याने ते मिळविण्यासाठी व्रत केलेले नाही, गुरू केलेला नाही. क्षांतिशील वर्षानुवर्षे फळे वाहतो. ओबेरॉय वस्तू हस्तगत करतो. साधनेची जागा मालकीने घेतली आहे. त्यामुळे त्याचा पराभवही नैतिक घटना होत नाही. ताईत दुरावला की सामर्थ्य संपते. नायकाची बाजूही तशीच आहे. पवित्रलाही शक्ती दान म्हणून मिळते. सामर्थ्याबरोबर येणाऱ्या जबाबदारीचे सूत्र भीमकाकाच्या तोंडी आहे, पण ते मूळ अमेरिकी कथेचे आहे. योगी आणि ताईत यांच्या जगातून ते उगवलेले नाही. माधव आणि अघोरघंट यांना एकाच स्मशानात उभे करणाऱ्या भवभूतीचे धाडस येथे नाही. शुभ्र योगी एकीकडे, काळा ताईत दुसरीकडे, अशी सोयीची विभागणी तेवढी आहे.

ही सोय पुढे एका धंद्याचा पाया झाली. २००६ मध्ये स्थापन झालेल्या ‘व्हर्जिन कॉमिक्स’चा चित्रकारांचा कारखाना बेंगळूरुत होता. ‘देवी’, ‘द साधू’, ‘रामायण ३३९२ ए.डी.’ या मालिका तिने काढल्या. त्यांतील ‘द साधू’ची चित्रे जीवन कांग यांचीच. २००८ मध्ये ती संस्था ‘लिक्विड कॉमिक्स’ झाली. या मालिकांतील रेखाटन, विशेषतः ‘देवी’मधील मुकेश सिंग यांचे काम, उच्च दर्जाचे आहे. पण त्यांचा मुख्य वाचक परदेशी बाजारात कल्पिलेला असल्यामुळे लेखन इंग्रजीत झाले, आणि भाषेबरोबर भेदही पुसले गेले. मराठीत वेताळ, मुंजा, समंध, हडळ, राक्षस हे वेगळे आहेत. प्रत्येकाच्या मागे एक अतृप्तीची, अन्यायाची किंवा रक्षणाची कथा आहे. इंग्रजीतील ‘डेमन’ या एका शब्दात ती सारी बुडतात. बेंगळूरुच्या मराठी घरात वाढणारे मूल शाळेत कन्नड आणि इंग्रजी शिकते, आणि वेतोबाची गोष्ट आजीकडून ऐकायला मिळाली नाही तर त्याला हा एकच रंग ठाऊक राहतो.

हे केवळ अभिरुचीचे प्रश्न नाहीत. ‘अघोर’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘जो घोर नाही तो’. शिवाच्या पाच मुखांपैकी एकाचे ते नाव. मराठीत ‘अघोरी’ म्हणजे क्रूर, अमानुष असा नेमका उलट अर्थ रूढ झाला, आणि महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या नावातही तो त्याच अर्थाने आला आहे. त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. कर्नाटकानेही तसा कायदा २०१७ मध्ये संमत केला आणि तो २०२० मध्ये अमलात आला. नरबळी आणि जादूटोणा हे ज्या समाजात अद्याप न्यायालयाचे विषय आहेत, तेथे खलमांत्रिकाचे चित्रण निरुपद्रवी मानता येत नाही. ताइतात खरोखरच शक्ती असते, फक्त ती चुकीच्या हाती पडली, असे सांगणारी कथा बाबाच्या दारी जाणाऱ्याला थांबवीत नाही. ती त्याला ‘चांगल्या’ बाबाकडे पाठविते.

याचा अर्थ चित्रकथेने अद्‍भुत सोडून द्यावे असा नव्हे. अद्‍भुताशिवाय ती जगणार नाही आणि तिने कायद्याची पत्रके काढावीत अशी अपेक्षाही कोणी करू नये. जुन्या वेताळकथेतही अद्‍भुत आहेच. प्रेत बोलते, झाडावर उडून जाते. पण त्या कथेत भिक्षूचा खरा फास मंत्रात नाही, तो फळात आहे. कोणी फुकट देऊ लागले तर त्याला काय हवे आहे हे विचारावे, आणि कोणी नमावयास सांगितले तर आधी त्याला नमून दाखविण्यास सांगावे, हे शहाणपण ती मुलाला देते. मराठीत पुढे कोणी समर्थ चित्रकथा रचील, तर तिच्यातील मांत्रिक डोळ्यांतून ज्वाळा सोडो वा न सोडो, त्याच्या हातात ते फळ असले पाहिजे.