पाणी जोखायचं कसं? तालमूदमधल्या दोन विद्वानांची गोष्ट

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी मी माझ्या कामावर चाळीस मिनिटं बोलले. शेवटी एकही प्रश्न आला नाही. ‘छान चाललंय’ असं सगळे म्हणाले, चहा झाला, मी खूश! सहा महिन्यांनी त्याच कामातली एक ढोबळ चूक माझी मलाच सापडली. तेव्हा वाटलं, त्या दिवशी माझं काम कुणी तपासलंच नव्हतं, मग ते कौतुक नक्की कशाचं होतं?

हाच प्रश्न ज्यू धर्मपंडितांना, म्हणजे रब्बींना, फार पूर्वी पडला होता. त्यांची विद्या म्हणजे तोरा: मूळ पाच ग्रंथ आणि त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चाललेली चर्चा. ही चर्चा तालमूदमध्ये साठवलेली आहे. एखाद्या विद्वानाचं पाणी कसं जोखायचं, यावर तिथे अनेक मापं सापडतात. रब्बान योहानान बेन झक्काई यांनी एका शिष्याला थेंबही न गळणाऱ्या, गिलावा केलेल्या टाक्याची उपमा दिली, तर दुसऱ्याला वाहत्या झऱ्याची. एकाचं पाठांतर, दुसऱ्याची प्रतिभा. यांत श्रेष्ठ कोण, याची दोन वेगवेगळी उत्तरं एकाच ग्रंथात शेजारी शेजारी ठेवलेली आहेत.

पण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती ‘बावा मेत्सिया’ या भागातली, 84व्या पानावरची गोष्ट. तिसऱ्या शतकातले रब्बी योहानान आणि रेश लाकिश यांची. रेश लाकिश आधी दरोडेखोर होता. योहानान यांनी त्याला विद्येकडे वळवलं, शिकवलं, स्वतःची बहीण दिली. पुढे दोघे बरोबरीने वाद घालू लागले.

एके दिवशी पाठशाळेत प्रश्न निघाला: तलवार, सुरी, खंजीर ही हत्यारं ‘तयार झाली’ असं केव्हा म्हणायचं? (शुद्ध-अशुद्धतेचे नियम तिथून लागू होतात.) योहानान म्हणाले, भट्टीत तापवल्यावर. रेश लाकिश म्हणाला, पाण्यात बुडवल्यावर. त्यावर योहानान बोलून गेले की दरोडेखोराला आपला धंदा बरोबर कळतो. रेश लाकिशही दुखावून उलटून बोलला. अबोला झाला, तो आजारी पडला. बहिणीने भावाच्या विनवण्या केल्या, पण भाऊ द्रवला नाही. रेश लाकिश गेला.

मग योहानान खचले. त्यांचं मन रमावं म्हणून पंडितांनी एलाझार बेन पेदात या तल्लख विद्वानाला पाठवलं. योहानान काहीही म्हणाले की तो म्हणे, तुमच्या मताला परंपरेत आधार आहे. योहानान वैतागले. म्हणाले, लाकिशचा मुलगा माझ्या प्रत्येक विधानावर 24 आक्षेप घ्यायचा, मी 24 उत्तरं द्यायचो, त्यातून विषय खुलायचा. मी बरोबर आहे हे मला ठाऊक नाही का? मित्राच्या नावाने हाका मारत त्यांना भ्रम झाला आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

ही गोष्ट बहुतेक वेळा ‘24 आक्षेपांची थोरवी’ म्हणून सांगितली जाते. आक्षेप हाच खरा सन्मान, असं तिचं तात्पर्य. मला ते अर्धवट वाटतं. हिशोब नीट पाहा: 24 आक्षेप, 24 उत्तरं. म्हणजे योहानान यांच्या आठवणीतही प्रत्येक आक्षेप शेवटी निकालात निघालेला आहे. ज्या वादात रेश लाकिशकडे खरोखर जास्त माहिती होती, तिथे मात्र उत्तर मिळालं नाही, टोमणा मिळाला.

मी धातुविज्ञानाची विद्यार्थिनी आहे, म्हणून इथे थांबते. लालबुंद पोलाद एकदम पाण्यात बुडवलं की त्याची आतली रचना बदलते आणि ते कठीण होतं. आपले लोहार याला ‘पाणी देणं’ म्हणतात. धर्मनियमाचा निकाल नुसत्या धातुविज्ञानाने लागत नाही, हे मान्य. पण रेश लाकिशचा मुद्दा तपासण्याजोगा होता. योहानान यांनी तो कुठून आला ते पाहिलं, काय आहे ते पाहिलंच नाही.

या कथेत उणिवाही आहेत. एलाझार कदाचित दुःखी माणसाला फक्त धीर देत असेल, पण त्याची बाजू येत नाही. सर्वांत जास्त गमावणाऱ्या बहिणीला तर नावही नाही. तरीही एक गोष्ट मला थोर वाटते: तालमूदने आपल्या एवढ्या मोठ्या गुरूची चूक झाकली नाही, परिणामासकट जपून ठेवली.

यावर उताराही याच परंपरेत आहे. ‘एरुविन’ या भागात हिलेल आणि शम्माई या दोन घराण्यांचा वाद येतो. निर्णय हिलेलच्या बाजूने का लागला? कारण ते नम्र होते, विरोधकांचं मतही शिकवायचे आणि आपल्या मताच्या आधी मांडायचे.

संशोधनात येणार असाल तर मी दोनच गोष्टी सांगेन. प्रेझेंटेशननंतर ‘कसं झालं?’ विचारू नका, ‘यातली सगळ्यांत कच्ची जागा कुठली?’ असं विचारा. आणि आक्षेप आला की उत्तर द्यायच्या आधी तो आपल्या शब्दांत, समोरच्याला पटेल इतका नीट मांडा. मग तो गाइडने घेतलेला असो, पहिल्या वर्षाच्या मुलाने असो, नाहीतर भट्टी सांभाळणाऱ्या काकांनी. त्या काकांना तुमच्यापेक्षा भट्टी जास्त कळत असण्याची शक्यता बरीच आहे!