सदरा काढणारा माणूस

लंडनच्या नॅशनल गॅलरीत पिएरो देल्ला फ्रांचेस्का या इटालियन चित्रकाराचं 'ख्रिस्ताचा बाप्तिस्मा' हे चित्र आहे. पॉप्लरची लाकडी फळी, अंड्याच्या बलकात कालवलेले रंग, उंची १६७ सेंटिमीटर आणि रुंदी ११६. घरातल्या दारापेक्षा जरा बुटकंच म्हणायचं. ते १४४० च्या आसपासचं असावं असा बऱ्याच अभ्यासकांचा कयास आहे. जवळून पाहिलं की माणसांच्या अंगावर हिरवट झाक दिसते. वरचा कातडीचा रंग काळाच्या ओघात विरळ झालाय आणि खालचा हिरवा अस्तररंग डोकावतोय. पण नदीत नुकत्याच उतरलेल्या माणसाला ती झाक शोभून दिसते.

चित्रात सगळं एका ओळंब्यात आहे. खाली येशूचे जोडलेले हात, वर त्याचा चेहरा, त्याच्यावर बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने धरलेली वाटी आणि वाटीच्या वर पवित्र आत्म्याचं पांढरं कबुतर. हे कबुतर पटकन सापडत नाही, कारण त्याचे पसरलेले पंख आणि शेजारचे ढग एकाच आकाराचे आहेत. मार्काच्या शुभवर्तमानात या क्षणी आकाश फाटतं. पिएरोच्या आकाशाला मात्र साधी चीरही गेलेली नाही. सकाळ असावी तसा सपाट उजेड आहे, कुणाचीही सावली धड पडलेली नाही. कर्णे, लखलखाट असलं काही न आणता त्याने आत्म्याला एक ढग होऊ दिलं, ही त्याची हिंमत मला फार मोठी वाटते.

नदीही मूळ प्रसंगातली नाही. ती यार्देन, पॅलेस्टाइनची, पण येशूच्या कमरेशेजारी, झाडापलीकडे जे गाव दिसतं ते बहुधा पिएरोचं स्वतःचं सान्सेपोल्क्रो. हे चित्र त्या गावातल्या योहानाच्याच नावाच्या चर्चच्या वेदीसाठी काढलं असावं. डावीकडचं झाड अक्रोडाचं आहे, त्याचं खोड येशूच्या अंगासारखंच फिकट आणि सरळ. म्हणजे वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्या शेतकऱ्याने मान वर केली की त्याला आपल्याच शिवारातल्या ओढ्यात देव उभा दिसायचा.

आता या ओढ्याच्या पाण्याकडे बघा. मागच्या वळणावर त्यात डोंगर, आकाश, काठावरच्या लोकांचे तांबडे-पिवळे झगे, सगळं स्वच्छ उलटं पडलंय. तेच पाणी येशूच्या पायांपाशी आलं की प्रतिबिंब एकदम संपतं. पुढे नुसता तळ दिसतो. जणू पाणी तिथवर येऊन थबकलं. काहींना यात जुनी श्रद्धा दिसते, की प्रभू उतरला तेव्हा यार्देन वाहायची थांबली. काहींच्या मते हा प्रकाशशास्त्राचा साधा नियम आहे: लांबच्या पाण्यावर नजर तिरपी पडते म्हणून आकाश दिसतं, पायाजवळच्या पाण्यात ती सरळ खाली जाते म्हणून तळ दिसतो. पिएरोने चित्रातल्या यथादर्शनावर ग्रंथ लिहिलाय, गणितात तो मुरलेला होता. हा नियम त्याला ठाऊक नसणार, असं कोण म्हणेल? मला वाटतं, चमत्कार आणि गणित यांतलं एक निवडायची त्याला गरजच भासली नसावी.

या थबकलेल्या पाण्यात बाप्तिस्म्याचा जुना पेच आहे. योहान देत होता तो पश्चात्तापाचा बाप्तिस्मा, पापं कबूल करणाऱ्यांसाठी. मग निष्पाप माणूस त्या रांगेत कशाला? मत्तयाच्या शुभवर्तमानात योहान स्वतःच अडखळतो: मी तुझ्याकडून घ्यायचा, तर तूच माझ्याकडे येतोस? चित्रातही तो अवघडलेला आहे. एक पाय मागे उचललेला, हात ताणून वाटी कलती केलेली. आपल्यापेक्षा मोठ्या माणसाच्या डोक्यावर पाणी घालताना होईल तशी त्याची अवस्था आहे. या पेचाला सुरुवातीच्या शतकांतल्या धर्मपित्यांनी दिलेलं एक उत्तर मराठी माणसाला चटकन पटेल. पाण्याने ख्रिस्ताला शुद्ध केलं नाही, ख्रिस्ताने पाण्याला शुद्ध केलं. संतांच्या पायांनी तीर्थाला तीर्थपण येतं, हे आपल्याकडे कीर्तनात ऐकलेलंच असतं.

डावीकडच्या तीन देवदूतांवर पंडितांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. त्यांतले दोघे हातात हात घेऊन उभे आहेत. १४३९ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेत पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या चर्चचा समेट जाहीर झाला, त्याची ही खूण असं एक मत आहे. असेलही.

मी मात्र दर वेळी उजवीकडे, योहानाच्या मागे जातो. तिथे एक माणूस वाकून सदरा डोक्यावरून काढतोय. पुढचा नंबर त्याचा. सदरा नेमका खांद्यात अडकलाय. उघडी पाठ आणि वर ओढलेले हात दिसतात, चेहरा कापडात गेलाय. एवढ्या गंभीर प्रसंगात हा घरगुती, जरासा हास्यास्पद क्षण चित्रकाराने का ठेवला असेल?

'बाप्तिस्मा' हा शब्द ज्या ग्रीक क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ बुडवणं. वसईकडचे कॅथलिक 'स्नानसंस्कार' म्हणतात. हा शब्द कानाला गोड आहे, पण त्यात बुडण्याची धास्ती उरत नाही. संत पौलाने रोमकरांना लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि त्याच्याबरोबर उठणं. दुसरीकडे तो कपड्यांची भाषा वापरतो: जुना माणूस काढून टाका, नवा घाला. गलतीकरांना तर तो सांगतो, बाप्तिस्मा घेतलात म्हणजे तुम्ही ख्रिस्तच पांघरलात. सुरुवातीच्या चर्चमध्ये लोक कपडे उतरवून पाण्यात शिरत आणि बाहेर आल्यावर पांढरं वस्त्र घालत. आज तान्ह्या बाळाला घालतात ते पांढरं झबलं त्याचंच उरलेलं रूप आहे. बाळाला स्वतः काही काढता-घालता येत नाही. ते काम आईबाप आणि धर्ममातापिता करतात, त्याच्या वतीने 'हो'सुद्धा तेच म्हणतात.

हे मनात ठेवून त्या माणसाकडे पुन्हा पाहिलं की घोटाळा होतो. सदरा पांढराच आहे. तो काढतोय की घालतोय? रांग पाहता काढतोय, हे उघड आहे. पण फक्त अंगाची ठेवण पाहिली, तर डोकं कापडात, हात वर, पाठ वाकलेली: काढताना आणि घालताना माणूस अगदी सारखाच दिसतो. पौलाला जे दोन वाक्यांत सांगावं लागलं ते इथे एकाच वाकलेल्या पाठीत मावलंय.

त्याच्या मागे, वळणावर, उंच टोप्या आणि जाड झगे घातलेले मानकरी उभे आहेत. एकाचा हात आकाशाकडे आहे, त्याला वर काहीतरी दिसलंय. कबुतर आलंय, वाटी कललीय, पाणी थबकलंय. या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. सदऱ्याच्या आत, तेवढ्यापुरता, अंधारच असणार.