खाऊ नकोस, असे सांगणारा गंध

टोळधाड म्हटली की फडशा पडलेले शिवार डोळ्यांपुढे येते. मे २०२०मध्ये विदर्भात थाळ्या वाजवून हाकलले ते वाळवंटी टोळ. इथे विषय त्यांच्या भाईबंदांचा, स्थलांतरी टोळांचा. टोळ पिकावर तुटून पडतात तसे एकमेकांवरही. दाटी वाढली, चारा अपुरा पडला, की मागचा पुढच्याचा लचका तोडतो. मग इतका अवाढव्य थवा स्वतःलाच संपवत कसा नाही?

जर्मनीतल्या येना इथल्या माक्स प्लांक संस्थेतील बिल हॅन्सन आणि सहकाऱ्यांचा २०२३ साली ‘सायन्स’मध्ये आलेला शोधनिबंध या प्रश्नाला भिडतो. पिंजऱ्यात टोळ वाढवत नेले, तसे एकमेकांना खाणे वाढले. आणि त्यांच्या अंगातून सुटणारे फेनिलॲसिटोनायट्राइल हे गंधरसायनही. म्हणजे ज्या गर्दीने भक्षक घडवला, तिनेच ढालही घडवली. इथवर हा नुसता योगायोगही असू शकतो. म्हणून जनुक कापून हा गंध बनवताच न येणारे टोळ तयार केले. सोबत्यांनी त्यांना जास्त खाल्ले.

एखादा इथेच थांबला असता. पण माझी दाद जाते ती पुढच्या जागेला. टोळांचे गंधग्राहक एकेक करून तपासत त्यांनी हा गंध टिपणारा नेमका ग्राहक शोधला आणि तोही निकामी केला. आता गंध दरवळत होता, घेणारा मात्र बधिर. आणि तो सोबत्यांना अधिक खाऊ लागला. आधी सांगणाऱ्याची वाचा काढून घेतली, मग ऐकणाऱ्याचे कान. पुरावा दोन्ही टोकांनी बांधला गेला.

ही धमकी पोकळही नाही. २०१९च्या एका अभ्यासात दिसले होते, की पक्ष्याने हल्ला केला की टोळ याच रसायनापासून जहाल हायड्रोजन सायनाइड बनवतो. वाळवंटी टोळांत तर नर हेच फेनिलॲसिटोनायट्राइल अंगावर बाळगून प्रतिस्पर्ध्यांना मादीपासून दूर ठेवतात. काटकसरी निसर्ग एका रेणूकडून किती कामे काढून घेतो!

गंमत अशी, की टोळांना एकत्र ओढणारा गंध वेगळाच आहे: ४-व्हिनिलअॅनिसोल. चार-पाच एकलकोंडे टोळ जवळ आले तरी तो सुटू लागतो. एक गंध ‘या’ म्हणतो, दुसरा ‘चावू नका’. हा दुसरा बंद पाडून थव्याला आपसांतच भिडवायचे, ही कल्पना मोहक खरी. पण पिंजऱ्यात जमलेले कित्येक चौरस किलोमीटरच्या उडत्या थव्यावर साधेल, यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही.