पंपाच्या पलीकडची हेलन

हेलन केलर म्हटले की आपल्याला पाण्याचा पंप आठवतो. एका हातावर पाण्याची धार, दुसऱ्या हातावर अॅन सलिव्हन बाईंची बोटे आणि मुलीला अचानक उमगलेला शब्दाचा अर्थ. प्रसंग खरा आहे, १८८७ सालचा. पण 'द स्टोरी ऑफ माय लाइफ' तेवढ्यासाठीच वाचले, तर पुस्तक अर्धेच हाती लागते, असे माझे मत आहे.

हे पुस्तक एका कॉलेजकन्येने लिहिले आहे, हे आपण विसरतो. हेलन १९०० मध्ये रॅडक्लिफमध्ये दाखल झाली. आत्मकथन १९०२ मध्ये मासिकातून आणि १९०३ मध्ये ग्रंथरूपाने आले. पदवी मिळाली ती त्यानंतर, १९०४ मध्ये. म्हणजे लेखिका तेव्हा वर्गात बसत होती. व्याख्यान सलिव्हनबाई तिच्या तळहातावर अक्षराअक्षराने उमटवीत. हात ऐकण्यात गुंतलेला, मग टिपणे कशी काढणार? आठवेल ते घरी येऊन उतरवायचे. बरीच पाठ्यपुस्तके ब्रेलमध्ये नव्हतीच.

मला सर्वांत बोलका वाटतो तो १८९९ च्या प्रवेशपरीक्षेचा प्रसंग. सलिव्हनबाईंना प्रश्न वाचून दाखवायला मनाई होती. प्रश्नपत्रिका अमेरिकन ब्रेलमध्ये उतरवून दिली. हेलन बीजगणित शिकली होती इंग्लिश ब्रेलमधून, आणि दोन्हींतली गणिती चिन्हे वेगळी! सोय झाली, पण सोयीनेच अडवले. इथे अडचण मुलीच्या डोळ्यांत नाही, कागदावरच्या ठिपक्यांत आहे. लेखिका हे तक्रारीचा सूर न लावता सांगते, म्हणूनच ते अधिक टोचते.

दुसरा धागा 'फ्रॉस्ट किंग'चा. अकराव्या वर्षी लिहिलेली ही कथा मार्गारेट कॅन्बी यांच्या कथेशी जुळली. ती कथा पूर्वी तिच्या हातावर वाचली गेली होती, पण तिला आठवत नव्हते. पर्किन्स संस्थेत चौकशी बसली आणि बाईंना खोलीबाहेर पाठवून मुलीला प्रश्न विचारले गेले. वाचलेले आपलेसे करून लिहिणे हे प्रत्येक नवशिक्याचे होते. मात्र हिच्या बाबतीत 'हे शब्द नक्की कोणाचे?' हा संशय कायमचा चिकटला. त्यानंतर आपलेच वाक्य आपले आहे ना, या धास्तीने ती लिहीत राहिली. कॉलेजातली हेलन आत्मकथन लिहिते, तेव्हा ती त्या चौकशीलाही उत्तर देत असते, असे मी वाचतो.

पुस्तकाची उणीवही नोंदवायला हवी. हे शिक्षण हेन्री रॉजर्ससारख्या धनिकाच्या पैशावर आणि स्वतः अधू दृष्टीच्या एका शिक्षिकेच्या डोळ्यांवर उभे होते. त्या श्रमांबद्दल कृतज्ञता पानोपानी आहे, पण ज्या मुलांना असा धनिक आणि अशी बाई मिळत नाही त्यांचे काय, हा प्रश्न इथे नीटसा उमटत नाही. पुढे समाजवादी झालेल्या हेलनने तो उचलला.

आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात परीक्षेसाठी जादा वेळ आणि लेखनिक यांची तरतूद आहे. सोय देताना ती त्या मुलाच्या शिकण्याच्या पद्धतीशी जुळते का, हे विचारायचे भान मात्र बीजगणिताचा तो पेपर देतो. पंपाजवळ आपले डोळे पाणावतात, ते ठीकच. पण तिथेच थांबलो, तर परीक्षेच्या खोलीत चुकीच्या ठिपक्यांवर बोटे फिरवणारी मुलगी आपल्याला दिसणार नाही.