ॲबीचा जनरेटर

पवना धरणाच्या काठावर तंबूत पडून एडवर्ड ॲबीचं ‘डेझर्ट सॉलिटेअर’ वाचायचं, असा बेत होता. पुस्तक फोनवर. बॅटरी १२ टक्क्यांवर आली तेव्हा मी उठले आणि ज्या जनरेटरला दोन तास शिव्या घालत होते, त्याच्याच वायरीला चार्जर लावून आले.

हे कबूल केल्याशिवाय या पुस्तकाबद्दल लिहिणं खोटं होईल.

ॲबी १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या युटा राज्यात, आर्चेसच्या वाळवंटात हंगामी रेंजर होता. आर्चेस तेव्हा नॅशनल पार्क झालेलं नव्हतं, ते १९७१ साली झालं. सरकारी पत्र्याच्या ट्रेलरमध्ये तो एकटाच राहायचा. त्या दिवसांवरचं हे पुस्तक १९६८ साली आलं. त्यातलं गाजलेलं प्रकरण म्हणजे ‘इंडस्ट्रियल टुरिझम’वर काढलेली खरमरीत झोड: पार्कात गाड्या नकोत, नवे रस्ते नकोत, लोकांना चालू द्या. नव्या रस्त्यासाठी सर्व्हेवाल्यांनी ठोकलेले खुंट तो रात्री जाऊन उपटून टाकतो. वाचताना मजा येते. इन्स्टावर टाकावं असं बरंच काही त्यात आहे.

मला मात्र सुरुवातीचा एक छोटा प्रसंग जास्त खरा वाटतो. ॲबीला एका रात्री पत्र लिहायचं असतं, म्हणून तो ट्रेलरचा जनरेटर सुरू करतो. दिवे लागतात आणि बाहेरचं वाळवंट नाहीसं होतं. अथांग रात्र देऊन त्याने एक लहानशी उजेडाची पेटी विकत घेतलेली असते. पत्र संपल्यावर तो बटण बंद करतो आणि रात्र परत येईपर्यंत तिथेच उभा राहतो. आवाजाबरोबर उजेडही माणसाला तोडतो, हे त्याला इथे नेमकं कळलंय. आणि ते कळतं, कारण जनरेटर त्याचाच आहे. बोट दाखवायला दुसरं कुणी नाही.

पुढच्या झोडीत बोट बाहेर वळतं आणि लेखक सैल होतो. म्हाताऱ्या, आजारी माणसांचं काय, हा प्रश्न तो स्वतःच काढतो आणि त्यांच्यावर फार सहानुभूती वाया घालवायची गरज नाही, म्हणून उडवून लावतो. विनोद म्हणून सोडून द्यावं म्हटलं, तरी त्या रात्री मला ते जमलं नाही. शेजारच्या तंबूत बाबा झोपले होते. त्यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, रात्री सीपॅपचं मशीन लागतं. जनरेटर नसता तर मी त्यांना इथे आणलंच नसतं.

पण तो जनरेटर एकट्या बाबांसाठी थोडाच होता? त्यावर फ्लडलाइट होते, स्पीकर होता, आमचे सगळ्यांचे फोन होते. जनरेटर ऐकू येऊ नये म्हणून स्पीकर मोठा, स्पीकरवर मात करायला माणसं मोठ्याने. अमेरिकेतल्या नॅशनल पार्कांत आता नियम आहे: ५० फुटांवर ६० डेसिबलपेक्षा जास्त आवाज नको. नियम चांगलाच आहे. पण त्या विजेवर काय चाललंय, हे तो विचारत नाही. ॲबीही विचारत नाही.

विचारलं ते कॅम्पवरच्या पोराने. अकराच्या सुमाराला येऊन म्हणाला, “ताई, बाकी सगळं बंद करतो. काकांच्या मशीनपुरता चालू ठेवू ना?”

दिवे गेले, गाणी थांबली. नुसती धडधड उरली आणि आश्चर्य म्हणजे तारे दिसायला लागले. त्या आवाजातही मी ॲबीची वीसेक पानं वाचली.

पहाटे चारच्या आसपास डिझेल संपलं. पाण्यावरून टिटवी ओरडत गेली. अशी शांतता मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. मग चेनचा आवाज आला आणि मास्क हातात धरून बाबा बाहेर आले.

“बंद पडलं वाटतं,” म्हणाले, आणि उजाडेपर्यंत खुर्चीत बसून राहिले.